लेकीच्या देखत

प्रिय बाळा,

तुला आणि घरच्या सगळ्यांना प्रभूच्या नावाने सलाम.

तुझं पत्र रविवारी उपासना सुटल्यावर मिळालं. भायखळा स्टेशनच्या बाकावर बसून दोनदा वाचलं आणि दोन गाड्या सोडून दिल्या. नवऱ्याची नोकरी गेली, त्यातच तुझी आई गेली, आणि तू रोज लोकलने दिवा स्टेशनाहून सीएसएमटीपर्यंत दारात लोंबकळत कामावर जातेस. हे सगळं तू चार ओळींत उरकलंस. बाकीची तीन पानं मात्र मुलीवर आहेत. तेरा वर्षांची पोर म्हणाली, "आपण आजीसाठी एवढी प्रार्थना केली, तरी ती गेलीच ना? मग मी चर्चला कशाला येऊ?" तू म्हणालीस, "असं बोलू नये." आणि आता मला विचारतेस की तिला कुठल्या शिबिराला धाडू, पाळकसाहेबांना घरी बोलावू का.

शिबिराचं नंतर बघू. आधी ते "असं बोलू नये" परत घे. आजच घे. रात्री भांडी आवरून झाली की तिच्या शेजारी बस आणि सांग, "मी चुकले. हाच प्रश्न मलाही पडलाय." पुढे काही सुचलं नाही तर गप्प बस, पण उठून जाऊ नकोस.

हे मी कशाच्या बळावर सांगते ते लिहिते. आमचे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, गिरणीत, साचाखात्यात, म्हणजे मागावर. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर असा कधी मिटलाच नाही. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. सुरुवातीला चाळीत उत्सव असावा तशी गर्दी असायची. पावसाळा आला तसे एकेक बिऱ्हाड गावाकडे गेले. आम्हाला गावी जमीन नव्हती. माझी आजी अहमदनगरकडची. मिशनच्या शाळेत वाचायला शिकली आणि पुढे बायबल बाई म्हणून, बायकांना वचन वाचून दाखवत, गावोगाव पायी फिरली. तिने आईला दिलं ते एक मराठी बायबल आणि ते वाचता येण्याइतकी अक्षरं. शेत नाही, सोनं नाही. (अमेरिकन मराठी मिशनने १८२४ साली मुंबईत मुलींसाठी शाळा काढली होती, हे मला फार उशिरा कळलं. आपल्या आज्या-पणज्यांच्या हाती आधी पाटी आली आणि मग वचन आलं, हे मुलींना सांगत जा. त्यांना ते ठाऊक नसतं.)

आई साड्यांना फॉल-बिडिंग करायची. पोत कधी गेली ते आम्हाला कळलं नाही, एक दिवस गळा मोकळा दिसला इतकंच. त्या वर्षीच्या नाताळात नवे कपडे नाहीत, करंज्या नाहीत, दादांनी तीन दिवस तोंडातून शब्द काढलेला नाही. रात्री नेहमीसारखी कौटुंबिक उपासना. आम्ही दोघी बहिणी सतरंजीवर बसलो. आईने बायबल उघडलं, मिटलं, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "प्रभू, आज मला तुझ्याशी बोलायचं नाही. माझ्यात तेवढा जीव उरला नाही. पोरी बसल्यात म्हणून मी बसलेय." आणि ती रडली. हुंदके दिले नाहीत, नुसती रडत राहिली. दिव्याची वात आम्हीच कमी केली.

बाळा, त्या आधी आणि त्या नंतर मी शेकडो प्रवचनं ऐकली. देव आहे याची मला खात्री पटली ती त्या रात्री. जो नाहीच त्याच्यावर कोणी एवढं रुसत नाही, हे अकरा वर्षांच्या पोरीलाही कळतं.

पुढे रूथचं पुस्तक वाचताना हेच मला पुन्हा दिसलं. रूथ नामीला म्हणते, तुझा देव तो माझा देव. आपण ते वचन लग्नात वाचतो, फ्रेममध्ये लावतो. पण ती हे म्हणते कोणाला? नवरा आणि दोन्ही मुलगे मवाबात पुरून आलेल्या बाईला. त्याच रस्त्यावर नामी सुनांना सांगून चुकलीय की परमेश्वराचा हात माझ्यावर उलटलाय. बेथलेहेमात पोचल्यावरही ती गावच्या बायकांना म्हणते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, मारा म्हणजे कडू, मी भरल्या हाताने गेले होते, त्याने मला रिकामी आणली. असं उघड गाऱ्हाणं करणाऱ्या सासूचा देव रूथने आपला मानला. नामीने चेहऱ्यावर हसू ठेवून सगळं झाकलं असतं, तर रूथ तिच्यामागे निघाली असती असं मला वाटत नाही.

आणि हे सगळं ठाऊक असून मी स्वतः काय केलं ते ऐक.

माझ्या नवऱ्याची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, तीन वर्षं. मी स्वतः नर्स. रिपोर्ट हातात आला की मला आकडे वाचता यायचे, आणि ते वाचता येणं हीच शिक्षा होती. माझी मुलगी तेव्हा लहान होती. मी ठरवलं की हिला झळ लागू द्यायची नाही. रडायचं ते हॉस्पिटलच्या जिन्यात. प्रार्थना करायची ती मोरीचं दार लावून. रविवारी तिला इस्त्रीचा फ्रॉक घालून संडे स्कूलला न्यायचं, आणि लोकांनी विचारलं की म्हणायचं, "प्रभूची कृपा आहे." लोक माझी तारीफ करत. मुलगी ऐकायची.

ते गेले तेव्हा ती तेरा वर्षांची होती, तुझ्या लेकीएवढीच. सतराव्या वर्षी तिने चर्चला येणं बंद केलं. मी भांडले, विनवण्या केल्या, पाळकसाहेबांना घरी बोलावलं. ती त्यांच्याशी आदराने बोलली आणि चहा करून दिला, पण आली नाही. महिन्याभराने एका रात्री तिने मला सांगितलं, "आई, पप्पा आजारी असताना तू एकदाही रडली नाहीस. मला वाटायचं, ज्यांचा विश्वास असतो त्यांना दुखत नाही. मला तर खूप दुखत होतं. म्हणजे माझ्यात विश्वास नाही, असंच मी धरून चालले."

चार वर्षं तिने हे पोटात ठेवलं होतं. एकाच खोलीत, माझ्याच शेजारी झोपून.

त्या रात्री मी तिला सगळं सांगितलं. जिना, मोरी, आणि तिचे पप्पा गेल्यावर दीड वर्ष मी एक शब्दही प्रार्थना केली नव्हती, चर्चमध्ये नुसते ओठ हलवत होते, तेही. ती उठून माझ्या अंथरुणात आली. दुसऱ्या रविवारी ती चर्चला आली असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. पुढची कितीतरी वर्षं ती आली नाही. आता कधी येते, कधी नाही. पण नोकरीत काही बिनसलं की फोन करून म्हणते, "आई, प्रार्थना कर, आणि मोठ्याने कर, मला ऐकू दे." मी करते. मी फक्त वरच्याशी बोलायचे, आता तिच्या देखत बोलते, एवढाच फरक.

म्हणून तुला कळकळीने सांगते, तुझ्या आईसाठी तू रडतेस ते मुलीसमोर रड. घरभाड्याची काळजी प्रार्थनेत आकड्यासकट बोल. लेकरावर ओझं टाकायचं नाही हे बरोबर आहे, हप्ते कसे फेडायचे हा घोर तिचा नाही. पण ओझं न टाकणं वेगळं आणि ओझं नाहीच असं दाखवणं वेगळं. मी या दोन्हींत गल्लत केली.

तिला स्तोत्रं वाचून दाखव, आणि नुसतं तेविसावं, "परमेश्वर माझा मेंढपाळ" वालं, नको. तेरावं वाच, त्याची सुरुवातच "कोठवर" अशी आहे. अठ्ठ्याऐंशीवं वाच. त्याचा शेवट अंधारात होतो, कुठेही दिवा लागत नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. तेरा वर्षांच्या मुलीला हे कळलं पाहिजे की तिचा प्रश्न देवाच्या पुस्तकात तिच्या आधीच कोणीतरी विचारून ठेवलाय. रोज तासभर उपासना तुझ्याच्याने होणार नाही. गाडीतून उतरून आलेल्या बाईचे पाय मला माहीत आहेत. पाच मिनिटं पुरतात. तिला वाचू दे, तू ऐक.

तिच्या प्रश्नाचं उत्तर तू देऊ नकोस. आजी का गेली हे मलाही ठाऊक नाही. मी शेकडो खाटांशेजारी उभी राहिले, तरी ठाऊक नाही.

आणखी एक गोष्ट, जी ऐकायला तुला जड जाईल. पंडिता रमाबाईंना शिकवलं त्यांच्या आईने, लक्ष्मीबाईंनी. संस्कृत, पुराणं, तोंडपाठ. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. १८८३ मध्ये इंग्लंडात रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, लहानग्या लेकीसह, मनोरमेसह. म्हणजे आईचा धर्म लेकीने ठेवला नाही, पण पोथीपुढे बसण्याची आईने लावलेली ओढ ठेवली. त्याच ओढीने त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खं बायबल मराठीत आणायला बसल्या. मनोरमेला काय शिकवावं यावरून त्यांनी इंग्लंडातल्या वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीनशी पत्रांतून वाद घातले, लेकीच्या विश्वासाचा निर्णय दुसऱ्या कोणाच्या हाती सोपवला नाही. तीच मनोरमा केडगावच्या मुक्ती मिशनचा, रमाबाईंनी निराधार बायकांसाठी काढलेल्या आश्रमाचा, भार उचलायची. १९२१ च्या जुलैत ती गेली. ज्या लेकीच्या हाती सगळं द्यायचं ती आधी गेली, आणि पुढच्या एप्रिलात रमाबाई. लेकीनंतरचे ते महिने त्यांनी कसे काढले असतील, याचा मी पुष्कळदा विचार करते. आपण देतो ते लेक जसंच्या तसं घेईल, आपण आखलेल्या वाटेने पुढे नेईल, हे कोणत्याच आईच्या हातात नसतं. तुझी मुलगी कदाचित वेगळ्या तऱ्हेने येईल, कदाचित उशिरा. तू तुझी जागा सोडू नकोस.

आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, लिहिताना प्रेषित पौल त्याच्या आजीचं आणि आईचं नाव घेतो, लोईस आणि युनीके. त्या दोघी काय बोलल्या, कशा शिकवत होत्या, काहीच लिहिलेलं नाही. युनीकेचा नवरा ग्रीक होता, म्हणजे घर काही साच्यातलं नव्हतं. तो विश्वास आधी त्या दोघींमध्ये राहत होता, एवढंच पौल सांगतो.

आणि मुलीला वेळेवर जेवायला घाल. हे सहज लिहीत नाही. शुभवर्तमानातली याईराची मुलगी बारा वर्षांची होती, ती मेली होती. प्रभूने तिला हात धरून उठवलं, सगळे थक्क होऊन उभे, आणि तो म्हणाला, हिला काहीतरी खायला द्या. तुझं पत्र वाचून मला वाटतं, आई गेल्यापासून तुम्ही दोघी एका ताटाशी बसलेला नाहीत.

येत्या शनिवारी माझी सुटी आहे. तिला घेऊन ये. माझ्या आईचं बायबल माझ्याकडे आहे. बांधणी सुटली म्हणून मी ते मांजरपाटात गुंडाळून ठेवलंय. संपाच्या दिवसांत तिने समासात पेन्सिलीने तारखा घातल्यात, कुठे "तेल नाही", कुठे "दादा बोलले". अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रापाशी तारीख नाही, नुसता हळदीच्या बोटाचा डाग आहे. ते पान तुझ्या लेकीला दाखवायचंय.

तुझी,
मावशी