‘वेठीस धरणे’ : वेठ कोणाची?

प्रश्न असा आहे : परिचारिकांनी पगारवाढीसाठी संप केला की बातमीत ‘रुग्णांना वेठीस धरले’ हे वाक्य हमखास येते. वेठीस म्हणजे नेमके काय? ओलीस आणि वेठीस एकच का? आणि ‘वेठीस ठेवले’ असेही वाचनात आले, ते चालेल का?

‘वेठीस’ हा मुळात सुटा शब्दच नाही. शब्द आहे ‘वेठ’, स्त्रीलिंगी. ‘स’ हा विभक्तीचा प्रत्यय. वेठ म्हणजे मोबदला न देता सक्तीने करून घेतलेले काम. संस्कृत ‘विष्टि’पासून हा शब्द आला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात विष्टि याच अर्थाने भेटते आणि जुन्या दानपत्रांत दान दिलेले गाव विष्टीतून मुक्त केल्याचे उल्लेख सापडतात. अंमलदाराचे सामान पुढच्या गावी पोचवायचे असले की समोर दिसेल त्याला धरायचे आणि त्याच्या डोक्यावर बोजा द्यायचा, हे झाले वेठीस धरणे. असा धरलेला माणूस म्हणजे वेठ्या. फारसीतून आलेला ‘बिगार’ही त्याच अर्थाचा, आणि दोन्ही जोडून ‘वेठबिगार’. भारताच्या संविधानातल्या अनुच्छेद २३ ने मनाई केली आहे ती हिलाच. सक्तीच्या कामात कोणाचा जीव रमणार? म्हणून काम कसेबसे उरकण्याला ‘वेठ मारणे’ म्हणतात.

ओलीसची घडण अशीच आहे. ‘ओल’ म्हणजे अट पुरी होईपर्यंत तारण म्हणून ठेवून घेतलेला माणूस, त्याला विभक्ती लागून ‘ओलीस’. अर्थ मात्र वेगळा. ओलीस माणसाकडून कोणी काम करून घेत नाही. त्याला अडकवून ठेवतात आणि मागणी करतात ती तिसऱ्याकडे. संपाच्या बातमीत लिहिणाऱ्याच्या मनात हाच अर्थ असतो : मागणी सरकारकडे किंवा व्यवस्थापनाकडे, अडकले रुग्ण. ‘आपल्या हेतूसाठी दुसऱ्याला अडचणीत धरणे’ हा वेठीचा विस्तारलेला अर्थ आता मराठीत पक्का रुजला आहे, त्यामुळे व्याकरणाने किंवा कोशाने त्याला चूक ठरवता येणार नाही.

तरीही याच बातमीत तो वापरला की मला तो खुपतो. वेठीच्या मूळ अर्थाला वॉर्डात सर्वांत जवळ कोण आहे ते पाहा. पाळी संपली, पण पुढची सिस्टर आली नाही, तर ओव्हर दिल्याशिवाय निघता येत नाही. सलाइन कोणाचे किती उरले, रात्री कोणाचा ताप चढला, कोणाचे इंजेक्शन कधी द्यायचे, हे कोणाच्या तरी हाती सोपवल्याशिवाय परिचारिका वॉर्ड सोडत नाही. रिकाम्या जागा भरलेल्या नसतात, म्हणून सलग दुसरी पाळी तिच्याच गळ्यात पडते, आणि त्या जादा तासांचे पैसे मिळाले नाहीत तर त्याला मराठीत वेठ हाच शब्द आहे. त्याविरुद्ध ती उभी राहिली की वेठीस धरल्याचा आरोप तिच्यावरच! शब्दाचे असे उलटे टोक तिच्याकडे वळवणे अन्यायाचे आहे.

रुग्णांचे हाल होत नाहीत असे कोणीही म्हणू नये. पुढे ढकललेल्या शस्त्रक्रियेची तारीख महिनोन्महिने मोजत बसलेल्या माणसाचा त्रास खरा असतो. पण त्यासाठी मराठीत नेमके शब्द आहेत : हाल, गैरसोय, खोळंबा, अडवणूक. शस्त्रक्रिया ‘खोळंबल्या’ असे लिहिले की काय थांबले ते वाचकाला कळते. ‘वेठीस धरले’ने ते कळत नाही, दोषी कोण एवढेच ठरवून टाकलेले असते. ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग या परिचारिकांच्या संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये पगारासाठी संप केला तेव्हा केमोथेरपी, डायलिसिस, अतिदक्षता विभाग ही कामे संपातून वगळली होती. सरसकट ‘रुग्ण वेठीस’ या मथळ्यात एवढा मोठा तपशील बसतच नाही.

जाता जाता ‘मानधन’. परिचारिकांचे ‘मानधन’ वाढवा, असेही पुष्कळदा लिहिले जाते. मानधन हे व्याख्यात्याला, परीक्षकाला मानाखातर देतात; रक्कम देणाऱ्याच्या मर्जीवर असते. नोकरीत नेमलेल्या परिचारिकेला मिळतो तो पगार किंवा वेतन. तिथे मानधन लिहू नये.

राहिला ‘वेठीस ठेवले’. ‘ओलीस ठेवणे’ आणि ‘वेठीस धरणे’ यांची सरमिसळ होऊन ते तयार झाले आहे, टाळावे. माणसाला वेठीस धरतात किंवा लावतात. ‘वेठीला धरणे’ही तितकेच बरोबर, बोलण्यात तेही ऐकू येते.