स्थिर देश ओळखताना मी हरलेल्यांकडे बघते

तुम्ही विचारलंय की जगातले राजकीय आणि आर्थिकदृष्ट्या सर्वांत स्थिर भाग कोणते, आणि सोबत लिहिलंय की मुलगा कायमचा बाहेर स्थायिक व्हायचं म्हणतोय, म्हणून ही चौकशी.

आधी सरळ उत्तर देते. स्वित्झर्लंड, नॉर्वे-डेन्मार्कसारखे उत्तर युरोपातले देश, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग, तिकडे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि कॅनडा. ही नावं तुम्हाला कुठेही मिळतील आणि ती चुकीची नाहीत. पण या यादीबाहेरचे उरुग्वे, कोस्टा रिका, बोट्स्वाना आणि मॉरिशस हे चार देश मला तितकेच महत्त्वाचे वाटतात. कारण सांगायला थोडं मागे जावं लागेल.

माझे मामा कुवेतमध्ये नोकरीला होते. जुलै १९९० मध्ये त्यांना हाच प्रश्न विचारला असता तर त्यांनी क्षणाचाही विचार न करता कुवेतचं नाव घेतलं असतं. एका दिनारला तीन डॉलरहून जास्त भाव, पगारावर कर नाही, रस्त्यावर भांडणतंटा नाही. २ ऑगस्टला इराकी रणगाडे शिरले. मामा इराकमार्गे बसने जॉर्डनपर्यंत गेले आणि अम्मानहून विमानाने मुंबईला आले. त्या दोन महिन्यांत एक लाखाहून जास्त भारतीय असे परत आले. रत्नागिरीला ते उतरले तेव्हा त्यांच्या हातात एक बॅग होती आणि खिशात दिनार होते, ज्यांना अम्मानमध्ये कोणी विचारलं नव्हतं. मी तेव्हा लहान होते. त्या नोटा आजीने देवघरातल्या डब्यात ठेवल्या होत्या, एवढं नीट आठवतं.

कुवेत सरकार मात्र बुडालं नाही. तेलाचा पैसा त्यांनी १९५३ पासून लंडनमध्ये गुंतवायला सुरुवात केली होती, त्यावर परागंदा सरकार आणि देशाबाहेर पडलेले नागरिक तगले. म्हणजे तोच देश, तोच महिना, आणि नागरिकाला आधार होता तर परदेशी नोकरदाराला घरचा रस्ता. म्हणून ‘स्थिर देश’ म्हटलं की मी आधी विचारते, स्थिर कुणासाठी? आणि वाईट दिवस आला तेव्हा तो देश कसा वागला, तिथे हरलेल्यांचं काय झालं?

मी २०११ ते २०१४ स्वित्झर्लंडमध्ये, बासेलला एका औषध कंपनीत होते. आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. वर्षातून साधारण चार वेळा त्यांच्याकडे टपालाने मतदानाचा जाडजूड लिफाफा यायचा, त्यात प्रत्येक प्रस्ताव समजावून सांगणारी छोटी लाल पुस्तिका असायची. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्या ती पुस्तिका पेन्सिलने खुणा करत वाचायच्या. तिथे अठरा महिन्यांत एक लाख सह्या गोळा केल्या की कुणीही नागरिक राज्यघटनेत बदल सुचवू शकतो, आणि त्यावर सगळ्या देशाला मत द्यावं लागतं. मार्च २०१२ मध्ये प्रस्ताव होता की प्रत्येक नोकरदाराला वर्षाला किमान सहा आठवडे पगारी रजा मिळावी. जवळजवळ दोन तृतीयांश मतदारांनी तो फेटाळला. लोकांनी स्वतःची रजा वाढवून घ्यायला नकार दिला! मी थक्क होऊन बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, रजेचे पैसे कुठून येणार ते त्या पुस्तिकेत लिहिलं होतं, आम्ही वाचलं.

याच सवयीतून त्यांचा कर्जाला लगाम घालणारा नियम आला. केंद्र सरकारने मंदीत तूट सोसावी आणि तेजीत ती भरून काढावी, असं घटनेतच लिहायचं का, यावर २००१ मध्ये मतदान झालं आणि सुमारे ८५ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. सरकारचे हात बांधणारी गोष्ट जनतेने इतक्या एकमताने करावी, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

पण स्वित्झर्लंड जन्मतः शहाणा होता असं समजू नका. नोव्हेंबर १८४७ मध्ये तिथे यादवी युद्ध झालं. सात कॅथलिक कँटन (कँटन म्हणजे तिथली घटकराज्यं) एका बाजूला, उरलेल्यांपैकी बहुतेक दुसऱ्या बाजूला. महिन्याच्या आत ते संपलं, शंभराच्या आसपास माणसं गेली, कॅथलिक हरले. पुढच्याच वर्षी जिंकलेल्यांनी जी राज्यघटना केली तिच्यात वरच्या सभागृहात लहानमोठ्या सगळ्या पूर्ण कँटनना दोन-दोन जागा दिल्या, म्हणजे हरलेल्या डोंगराळ कँटनचं वजन झ्युरिकइतकंच. १८९१ मध्ये हरलेल्या पक्षाचा माणूस, योझेफ झेंप, सात जणांच्या मंत्रिमंडळात पहिल्यांदा बसला. तोवर चव्वेचाळीस वर्षं गेली होती. १९५९ पासून तर मोठे पक्ष त्या सात खुर्च्या आपसांत वाटून घेतात आणि राष्ट्राध्यक्षपद दर वर्षी फिरतं. बासेलमधल्या माझ्या सहकाऱ्यांना चालू वर्षीचा राष्ट्राध्यक्ष कोण हे पटकन सांगता यायचं नाही.

या पद्धतीची किंमतही आहे, आणि ती बायकांनी मोजली. राष्ट्रीय पातळीवर स्त्रियांना मताचा हक्क मिळाला १९७१ मध्ये, आणि एका कँटनमध्ये तर १९९० मध्ये न्यायालयाने सांगितल्यावर. सगळ्यांना विचारून चालणारा देश एखादा अन्यायही तितक्याच संथपणे धरून ठेवतो. हे तुमच्या मुलाला सांगा.

पैशाच्या बाजूनेही तिथे धक्के बसतातच. मार्च २०२३ मधल्या एका रविवारी क्रेडिट स्विस ही १८५६ सालची बँक तिच्या प्रतिस्पर्धी यूबीएसला ३ अब्ज फ्रँकला देऊन टाकावी लागली. तिच्या एका प्रकारच्या रोख्यांची सुमारे १६ अब्ज फ्रँकची किंमत शून्य झाली आणि ते रोखे घेतलेले लोक कोर्टात गेले. पण सोमवारी बँका उघडल्या, ठेवीदारांना पैसे मिळाले.

आता मॉरिशस. तिथे आपली मराठी माणसं आहेत. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मुंबई बंदरामार्गे उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेलेल्यांचे वंशज, आणि गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. १९६०च्या सुमारास जेम्स मीड हा अर्थशास्त्रज्ञ, ज्याला पुढे नोबेल मिळालं, त्या बेटाची पाहणी करून गेला. बेट लहान, लोकसंख्या भराभर वाढती, उत्पन्न फक्त साखरेचं, आणि हिंदू, मुसलमान, आफ्रिकी वंशाचे क्रिओल, चिनी, फ्रेंच वंशाचे गोरे असे सगळे समाज एकमेकांकडे संशयाने बघणारे. त्याला भवितव्य फार आशादायक दिसलं नाही. १९६७ च्या निवडणुकीत स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाला शंभरातली सुमारे ४४ मतं पडली. जानेवारी १९६८ मध्ये राजधानी पोर्ट लुईत दंगली झाल्या, ब्रिटिश सैन्य आणावं लागलं. दोन महिन्यांनी, १२ मार्चला, त्या अवस्थेत देश स्वतंत्र झाला.

पुढच्याच वर्षी पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांनी त्या हरलेल्या पक्षाला सरकारात घेतलं आणि त्याचे नेते गाएताँ द्युव्हाल यांना परराष्ट्रमंत्री केलं. त्यांच्या निवडणूक पद्धतीत आणखी एक तरतूद आहे: ज्या समाजाला पुरेशा जागा मिळाल्या नाहीत, त्या समाजाच्या पराभूत उमेदवारांपैकी सर्वाधिक मतं मिळवणाऱ्यांना संसदेत जागा देतात, जास्तीत जास्त आठ. जातजमातीची मोजणी यामुळे कायम राहते, अशी टीका तिथे होते आणि ती रास्तही आहे. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉरिशस बेटावरच्या साठच्या साठ जागा विरोधकांनी जिंकल्या, तेव्हा पडलेल्या आघाडीची जी मूठभर माणसं संसदेत बसू शकली ती याच तरतुदीमुळे. सत्तेतल्या पंतप्रधानांनी निकाल पुरता लागायच्या आधीच पराभव मान्य केला.

आर्थिक बाजू त्यांनी अशी सांभाळली की साखरेचा पैसा साखरेतच ठेवला नाही. १९७० मध्ये निर्यातक्षेत्राचा कायदा केला, शिलाईचे कारखाने आले, मग पर्यटन, मग वित्तसेवा. आज सरकारी कर्ज चिंता वाटावी इतकं आहे आणि चक्रीवादळांचा धोका कायमचा, त्यामुळे मॉरिशसला मी स्वित्झर्लंडच्या रांगेत बसवणार नाही. १९७२ ची निवडणूकही त्यांनी १९७६ पर्यंत लांबवली होती, तेही विसरता येत नाही. तरी ज्या जागेवरून तो देश निघाला ती बघता मला तो फार मोठा वाटतो.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. नॉर्वेला १९६९ मध्ये तेल सापडलं आणि त्यांनी ठरवलं की तो पैसा देशात ओतायचा नाही, परदेशी गुंतवायचा आणि दर वर्षी त्यातला छोटा हिस्साच खर्चायचा. तो नियम आखला तेव्हा ४ टक्क्यांचा होता, २०१७ मध्ये ३ टक्के केला. कोस्टा रिकाने १९४८ मध्ये सैन्यच बरखास्त केलं. ज्या देशात सैन्य नाही तिथे लष्करी बंडाची भीती कमी. बोट्स्वानात १९६६ पासून एकच पक्ष सत्तेत होता. ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीत तो हरला, आणि राष्ट्राध्यक्ष मसिसी यांनी मोजणी संपायच्या आधी हार मान्य करून सत्ता सोपवली. हिऱ्यांच्या मंदीने तिथली तिजोरी सध्या अडचणीत आहे, पण त्या दिवशी मला त्या देशाचा हेवा वाटला. सिंगापूर मी वरच्या यादीत घातलं नाही, कारण १९५९ पासून एकाच पक्षाची सत्ता आहे आणि हरण्याची वेळ तिथे अजून आलेलीच नाही.

उरुग्वेला एके काळी अमेरिका खंडातलं स्वित्झर्लंड म्हणत, आणि १९७३ मध्ये तिथेच हुकूमशाही आली, १९८५ पर्यंत राहिली. लेबनॉनलाही पूर्वेचं स्वित्झर्लंड म्हणत, तिथे १९७५ मध्ये यादवी पेटली. म्हणून अशा बिरुदांवर विसंबू नका. उरुग्वे सावरला मात्र. २००२ मध्ये बँकांमधून ठेवी पळाल्या तेव्हासुद्धा त्यांनी कर्ज बुडवलं नाही, कर्ज देणाऱ्यांशी बोलून मुदती वाढवून घेतल्या.

आता तुमच्या मुलाचं. फेब्रुवारी २०१४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये परदेशी लोकांच्या स्थलांतरावर मर्यादा घालावी का, यावर मतदान झालं आणि ५०.३ टक्क्यांनी ‘हो’ जिंकलं. बासेल शहराने ‘नाही’ म्हटलं होतं. संध्याकाळी त्या शिक्षिका वर आल्या, म्हणाल्या, ‘मी तुमच्या बाजूने मत दिलं आणि आम्ही हरलो.’ दुसऱ्या दिवशी ट्राम वेळेवर आली, ऑफिसात कुणी आवाज चढवला नाही, आणि पुढे संसदेने जवळजवळ तीन वर्षं घेऊन त्यावर मवाळ कायदा केला. देश तसूभरही हलला नाही. पण त्या रात्री मी मात्र माझ्या परवान्यावरची तारीख काढून बघितली. तिथे युरोपबाहेरून येणाऱ्यांसाठी कामाच्या परवान्यांची वार्षिक मर्यादा आहे आणि नागरिकत्वासाठी साधारण दहा वर्षांचा वास लागतो. उरुग्वेत नागरिकत्व कुटुंब असेल तर तीन वर्षांत, एकट्याला पाच वर्षांत मागता येतं, मात्र स्पॅनिश शिकावी लागेल आणि पगार युरोपसारखे नसतील.

म्हणून मुलाला देश निवडण्याआधी दोन गोष्टी शोधायला सांगा. त्या देशातला सत्ताधारी शेवटचा केव्हा हरला आणि त्याने काय केलं. आणि नोकरी गेली तर त्या देशात राहायला किती दिवस मिळतात. तो कोणत्या क्षेत्रात आहे आणि त्याला कोणती भाषा येते ते कळवलंत, तर मी आणखी नेमकं सांगू शकेन.