वाक्याचा शेवट गिळू नकोस

अगं, काल कोर्टात समोरच्या वकिलांनी ओरडून मुदत मागितली तेव्हा ‘मुदतीला आमची हरकत आहे’ असं तू म्हणालीस, पण त्यातलं ‘आहे’ न्यायाधीशसाहेबांपर्यंत पोचलंच नाही. त्यांनी पुढची तारीख दिली आणि तू बाररूममध्ये येऊन मला विचारलंस, ‘मॅडम, मीही त्या वकिलांसारखं ओरडायला शिकू का?’

नको. फक्त वाक्याचा शेवट गिळू नकोस.

मराठीत सगळा निकाल वाक्याच्या टोकाला असतो. हरकत आहे की नाही, व्यवहार मान्य केला की नाकारला, पैसे दिले की द्यायचे राहिले, हे शेवटच्या शब्दावर ठरतं. आणि श्वास संपत येतो तो नेमका तिथेच. दाब उतरला की आवाजही बसतो. म्हणून आधी श्वास घे, लांबलचक वाक्याची दोन कर, काहीही कर, पण शेवट गिळू नकोस.

मोठा आवाज कानावर पडला की माणूस बोलणाऱ्याला वरचढ समजतो, हे खरंच आहे. काल तुझा अशीलच म्हणाला ना, समोरचे वकील दमदार आहेत म्हणून! पण आवाज नुसता ताणला की पट्टीही चढते, आणि ऐकणाऱ्याला दमाऐवजी चिडचिड जाणवते. त्यात आपल्या कोर्टातले ते खडखडणारे पंखे. गोंगाटात माणसाचा आवाज नकळत चढतो, हे एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्येच दाखवून दिलं होतं. तेव्हा चढलेला प्रत्येक आवाज अधिकाराचा समजू नकोस.

सेई जिन को या मानसशास्त्राच्या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१५ साली छापून आलेला एक प्रयोग मला फार पटतो. वाटाघाटीत ज्यांना वरचढ भूमिका दिली होती, त्यांचा आवाज जास्त लहानमोठा होत गेला, सूर मात्र कमी हलला. आणि नुसता आवाज ऐकणाऱ्यांनाही कोणाच्या हातात सत्ता आहे ते कळलं. म्हणजे सतत मोठ्याने बोलायची गरजच नाही. उलटतपासणीत साक्षीदाराला खुशाल हळू विचार, कलम सांगताना आवाज लाव. पण हळू बोललीस तरी शेवट ऐकू आलाच पाहिजे. किती वेळा सांगू?

मी वकिलीत आले तेव्हा ‘बाईने कोर्टात आवाज खाली ठेवावा’ असं मला सांगण्यात आलं. मी ठेवला. मग माझाच मुद्दा शेजारचे वकील खणखणीत आवाजात पुन्हा मांडायचे आणि तो त्यांच्या नावावर जायचा. त्या वर्षांची हळहळ अजून जात नाही. पुढे आवाज लावायला लागले, तर भांडकुदळ ठरले. आजही मागून तसंच म्हणतात, मला ठाऊक आहे. म्हणोत. दाराशी चपला काढून उभा असलेला माझा अशील, ज्याची जमीन पणाला लागली आहे, त्याला आपला वकील काय बोलतोय ते कळायला नको? त्याच्यासाठी मी मोठ्याने बोलते आणि बोलत राहणार.

उद्या कोर्ट उठल्यावर थांब. वकीलपत्र, दावा, कैफियत, हाताला लागेल तो कागद घे आणि उभी राहून वाच. मी मागच्या बाकावर बसेन. क्रियापद ऐकू आलं नाही, तर ते वाक्य पहिल्यापासून वाचायला लावीन.