जागा वाढवण्याआधी नेमकं काय भरलंय ते बघ

प्रिय सहकाऱ्यास,
स. न.

लिनक्स सर्व्हरच्या डिस्क आणि फाइल सिस्टिम आता तुझ्या हाती आल्या आहेत. या कामात "डिस्क भरली" हा निरोप सारखा येणार. त्यानंतरच्या घाईतच मोठं नुकसान होतं, म्हणून नेमकं काय भरलंय ते आधी शोध.

'डीएफ -एच' (किती जागा भरलीय ते सांगणारी कमांड) पाहिलंस की लगेच 'डीएफ -आय' पण बघ. जागा भरपूर मोकळी आहे, तरी नवी फाइल बनत नाही, म्हणजे बहुधा आयनोड (प्रत्येक फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदी) संपलेत. ईएक्सटी-४ या फाइल सिस्टिममध्ये त्यांचं प्रमाण फॉरमॅट करतानाच ठरतं, सहसा दर १६ केबीला एक. सेशनच्या लाखो बारीक फाइली साठल्या की ते संपतात. एक्सएफएस ही दुसरी फाइल सिस्टिम गरजेप्रमाणे आयनोड बनवत जाते, त्यामुळे तिथे हा प्रश्न क्वचितच येतो.

कधी 'डीएफ' म्हणतं ९८ टक्के भरलं आणि 'डीयू'ची (फाइलींचे आकार मोजणाऱ्या कमांडची) बेरीज निम्मीच भरते. बहुतेक वेळा कुणीतरी चालू लॉग फाइल पुसलेली असते. प्रोसेसने ती उघडी धरून ठेवलीय, तोवर जागा परत मिळत नाही. 'एलएसओएफ +एल१' अशा फाइली दाखवतं. ती सर्व्हिस रीस्टार्ट केली की जागा सुटते. चालू लॉग पुसूच नकोस, 'ट्रंकेट -एस ०' ने रिकामी कर. तरीही हिशेब जुळला नाही, तर माउंट पॉइंटच्या (ज्या डिरेक्टरीवर डिस्क जोडली जाते तिच्या) खाली बघ. कधीतरी डिस्क माउंट न होताच अ‍ॅप्लिकेशन सुरू झालं असेल, तर डेटा रूट डिस्कवर लिहिला गेला आणि नंतरच्या माउंटने तो झाकला. रूटचं 'बाइंड' माउंट (तीच फाइल सिस्टिम दुसरीकडेही दाखवणं) दुसऱ्या डिरेक्टरीवर करून तिथे 'डीयू' चालव, म्हणजे तो दिसेल.

खरोखरच जागा वाढवायची असेल, तर खालून वर जा. स्टोरेज अ‍ॅरेवर एलयूएन (अ‍ॅरेने सर्व्हरला दिलेली डिस्क) वाढवला, की सर्व्हरवर त्याचा प्रत्येक पाथ (तिथपर्यंतचा जोडणीमार्ग) रीस्कॅन कर, मग मल्टिपाथचा मॅप (सगळे पाथ मिळून दिसणारी एकच डिस्क) रिसाइझ कर, मग एलव्हीएम या व्हॉल्यूम व्यवस्थेतलं 'पीव्हीरिसाइझ', शेवटी 'एलव्हीएक्सटेंड -आर', ज्याने व्हॉल्यूम आणि त्यावरची फाइल सिस्टिम दोन्ही वाढतात. प्रत्येक टप्प्यानंतर 'एलएसबीएलके'त (डिस्कांच्या यादीत) नवा आकार दिसतोय का ते पाहा. जिथे दिसत नाही तिथेच काम अडलंय. एखादाच पाथ रीस्कॅन करायचा राहिला, तरी मॅप वाढत नाही. '-आर' विसरलास तर 'एलव्हीएस'मध्ये (व्हॉल्यूमच्या यादीत) नवा आकार आणि 'डीएफ'मध्ये जुनाच, असं होईल.

कमी करायचं झालं तर उलट, वरून खाली: आधी फाइल सिस्टिम, मग व्हॉल्यूम. हा क्रम चुकला तर फाइल सिस्टिमचं शेपूट कापलं जातं. ईएक्सटी-४ लहान करायला अनमाउंट करावंच लागतं; एक्सएफएस लहान होत नाही असंच धरून चाल. म्हणून व्हॉल्यूम ग्रुपमधली (ज्यातून व्हॉल्यूम बनतात त्या साठ्यातली) सगळी जागा पहिल्याच दिवशी वाटून टाकू नकोस. माझ्या मते निदान १५ टक्के राखून ठेव.

थिन पूल (व्हॉल्यूमना लागेल तशी जागा देणारा सामाईक साठा) असेल तिथे रोज 'एलव्हीएस'मधले डेटा आणि मेटाडेटा (कुठला डेटा कुठे आहे याच्या नोंदी) असे दोन्ही टक्के बघ. पूल भरला की त्यावरच्या सगळ्या व्हॉल्यूमना एकदम फटका बसतो, आणि मेटाडेटा भरणं तर त्याहून वाईट. पूल किती टक्के भरला की आपोआप वाढवायचा, ती मर्यादा मूळ सेटिंगमध्ये १०० असते, म्हणजे ती सोय बंदच असते. ती ७० कर आणि ग्रुपमध्ये खरोखर मोकळी जागा ठेव. फाइली पुसल्या तरी 'एफएसट्रिम' (मोकळी झालेली जागा खाली कळवणारी कमांड) चालवल्याशिवाय पूलला जागा परत मिळेलच असं नाही. जुन्या पद्धतीचा (थिन नसलेला) स्नॅपशॉट, म्हणजे व्हॉल्यूमची त्या क्षणाची प्रत, भरला तर तो बाद होतो, मूळ व्हॉल्यूम शाबूत राहतो. पण दोन्ही एकाच डिस्कवर असतात, तेव्हा स्नॅपशॉटला बॅकअप समजू नकोस.

एफएसटॅबमध्ये (बूट होताना काय माउंट करायचं त्या यादीत) 'एसडीबी' असं डिस्कचं नाव लिहू नकोस, रीबूटनंतर ते बदलू शकतं. यूयूआयडी (फाइल सिस्टिमचा कायमचा ओळख क्रमांक) किंवा एलव्हीएमचं नाव लिही. आयस्कझीच्या (नेटवर्कवरून जोडलेल्या) डिस्कला '_नेटडेव्ह' हा पर्याय लाव. ज्या डिस्कशिवाय सर्व्हर उठायला हवा तिला 'नोफेल'. बदल केल्यावर 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' आणि 'माउंट -ए' रीबूटच्या आधीच चालवून बघ.

एक्सएफएस दुरुस्तीच्या वेळी तर हात आवरच. फाइल सिस्टिमच्या स्वतःच्या लॉगमध्ये (बदलांच्या नोंदवहीत) काम बाकी असेल तर 'एक्सएफएस_रिपेअर' थांबतं आणि '-एल' हा पर्याय सुचवतं. त्याच्या आधी एकदा माउंट करून बघ. माउंट झालं तर लॉग आपसूक वाचला जातो. मग अनमाउंट करून रिपेअर चालव. '-एल'ने तो लॉग फेकला जातो, शेवटचे बदल जातात आणि काही फाइली 'लॉस्ट+फाउंड'मध्ये निनावी पडतात. माउंटच होत नसेल तर 'डीमेसेज'मध्ये (कर्नलच्या संदेशांत) आय-ओ एरर (डिस्क वाचता-लिहितानाच्या चुका) आहेत का ते बघ. डिस्क किंवा पाथच खराब असेल, तर रिपेअरने नुकसान वाढेल. आधी हार्डवेअर नीट कर, अ‍ॅरेवर एलयूएनचा स्नॅपशॉट घे, आणि मगच '-एल'ला हात लाव.