मुलांना दाखवावा का, हे ठरवताना

प्रिय मित्रा,

डिस्नेच्या जुन्या ‘स्नो व्हाइट’ या कार्टूनपटावरच्या तुझ्या लेखाचा मसुदा वाचला. रंग, गाणी, हातानं काढलेली चित्रं यांवर तू जीव ओतून लिहिलं आहेस. मुलांना दाखवावा की नाही, हा प्रश्न मात्र शेवटच्या ओळीत उरकलास: परीकथा आहे, कार्टून आहे, सहकुटुंब बघायला हरकत नाही. रविवारी दुपारी चार वर्षांच्या लेकराला मांडीवर घेऊन बसणाऱ्या आईला तुझ्याकडून हेच तर जाणून घ्यायचं होतं, आणि नेमका तिथंच तू हात आखडता घेतलास.

कार्टून म्हटलं की निर्धास्त, असं या चित्रपटाच्या बाबतीत पहिल्यापासून नव्हतं. डिसेंबर १९३७ मध्ये लॉस एंजेलिसला त्याचा पहिला खेळ झाला. पुढच्याच वर्षी ब्रिटनच्या सेन्सॉर मंडळानं त्याला ‘ए’ प्रमाणपत्र दिलं. आपल्याकडच्या ‘ए’सारखं ते फक्त प्रौढांपुरतं नव्हतं, १६ वर्षांखालच्या मुलांनी मोठ्या माणसाबरोबर यावं, एवढीच अट होती. काही गावांच्या स्थानिक प्रशासनांनी तीही मानली नाही. आज त्याच देशात त्याला ‘यू’, म्हणजे सर्वांसाठीचं प्रमाणपत्र आहे. तेव्हा प्रमाणपत्र जरूर बघ, पण त्यावर थांबू नकोस. आपल्याकडे २०२३च्या कायदादुरुस्तीनंतर ‘यूए’चे ७+, १३+ आणि १६+ असे भाग झाले, ही चांगली सोय झाली. तरीही त्या आकड्यावरून वय कळतं. आपलं मूल कशाला घाबरतं ते नाही कळत.

चित्रपटात भीतीचे प्रसंग आहेत का, एवढं विचारून भागत नाही. परीकथेत भीती असायचीच, आणि पोरांना ती हवीही असते. ‘परत सांग’ म्हणून ती राक्षसाचीच गोष्ट मागतात. मी बघतो ते हे, की त्या भीतीत मूल किती वेळ एकटं राहतं आणि चित्रपट त्याला हात धरून बाहेर आणतो की नाही.

जंगलातला प्रसंग पुन्हा बघ. राणीनं स्नो व्हाइटला मारायला पाठवलेल्या शिकाऱ्याचा हात धजत नाही, तो तिला पळ म्हणतो आणि ती धावत सुटते. झाडांना डोळे फुटतात, फांद्या पंजे होऊन तिचे कपडे ओढतात, पाण्यातले ओंडके मगरी होऊन जबडा वासतात. शेवटी अंधारात चहूकडून नुसते डोळे चमकतात आणि ती जमिनीवर कोसळून रडायला लागते. मग उजळतं, आणि ते डोळे सशांचे, खारींचे, हरणांचे निघतात. ज्यांनी घाबरवलं तीच जनावरं बिचकत बिचकत तिच्याजवळ येतात. प्रसंग अंगावर येतो खरा, पण त्याचा हिशोब तिथल्या तिथे चुकता होतो. हे मी लहान मुलाला बेलाशक दाखवीन, फक्त शेजारी बसून.

राणीच्या रूपांतराचं तसं नाही. म्हातारीचं रूप घ्यायला ती जादूचा काढा पिते, गळा आवळून धरते, केस पांढरे होतात, हात वाळून नखं वाढतात, आवाज चिरकतो. चेहरा झाकलेला असतो. तो उघडते तेव्हा ती थेट आपल्याकडे बघत असते. तिचा कावळासुद्धा घाबरून कवटीत लपतो. इथे धीर द्यायला ना ससा येतो ना हरीण. पुढे तळघरातून जाताना कोठडीच्या गजांतून पाण्याच्या भांड्याकडे हात लांबवलेला एक सांगाडा दिसतो. तहान लागली का, असं विचारून ती ते भांडं त्याच्यावर लाथाडते. चार वर्षांच्या मुलाच्या हे ध्यानातही येणार नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाला मात्र ते बरोबर कळतं, आणि रात्री अंथरुणात तेच विचारतं: तो माणूस कोण होता, त्याला पाणी का नाही दिलं? म्हणून ‘लहानांना नको, मोठ्यांना चालेल’ असा सरसकट निकाल देऊ नकोस. वय वाढलं की भीती जाते असं नाही, तिची जागा बदलते.

काय दाखवलं नाही, तेही लिही. राणीनं दिलेलं विषारी सफरचंद खाल्ल्यावर स्नो व्हाइट कोसळताना दिसत नाही. जमिनीवर पडलेला हात आणि घरंगळणारं सफरचंद, एवढंच. राणी कड्यावरून पडते, दोन गिधाडं घिरट्या घालत खाली उतरतात आणि विषय संपतो. परीकथा जमवणाऱ्या जर्मन ग्रिम बंधूंच्या १८१२च्या मूळ कथेत तिला तापलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचावं लागतं. हा संयम मला फार मोलाचा वाटतो. आजच्या कितीतरी गोड दिसणाऱ्या चित्रपटांत तो नसतो.

आवाजाबद्दल तुझ्या मसुद्यात अवाक्षर नाही. मूल डोळ्यांवर हात ठेवतं, कानांवर ठेवायचं त्याला सुचत नाही. थिएटरात वीज कडाडली की खुर्ची हादरते आणि तिथे चित्रपट थांबवता येत नाही. घरी थांबवता येतो. हा फरक आईबापांना सांगायलाच हवा.

आणि एक गोष्ट मला फार आतून सांगायची आहे. ग्रिम बंधूंच्या पहिल्या आवृत्तीत राणी ही स्नो व्हाइटची सख्खी आई होती; १८१९ मध्ये त्यांनी तिला सावत्र केलं. तेव्हापासून या कथेतला दुष्टपणा सावत्र आईच्या माथी बसला. आज तुझा लेख वाचणाऱ्या एखाद्या घरात वडिलांचं दुसरं लग्न नुकतंच झालेलं असेल आणि मुलगी नव्या आईला काय हाक मारावी या विचारात असेल. त्या घराला जंगलापेक्षा, ‘सर्वांत सुंदर कोण’ असं राणी ज्याला विचारते तो आरसा जड जाईल. चित्रपट बघू नका असं मी म्हणणार नाही. पण राणी तशी का वागते, तिला सुंदर दिसण्याचा एवढा ध्यास का, हे नंतर बोलायला वेळ ठेवा, असं नक्की लिहीन. राजपुत्राचं चुंबन, स्नो व्हाइटला आसरा देणाऱ्या सात बुटक्यांची थट्टा यांवरही मुलं प्रश्न विचारतील. त्यांवर दोन-दोन ओळी पुरेत.

आता मसुदा पुन्हा लिही. गाण्यांवरचा एक परिच्छेद कमी कर. रूपांतराचा आणि तळघराचा प्रसंग साधारण कितव्या मिनिटाला येतो ते घड्याळ लावून बघ आणि लेखात घाल, म्हणजे ज्यांना तेवढा भाग पुढे सरकवायचा आहे त्यांना तो सरकवता येईल. शुक्रवारपर्यंत पाठव, शनिवारी सकाळी आपण दोघं बसून बघू.

तुझा,
काका