माउंट म्हणजे ‘आरोहण’ नव्हे, कलम

प्रश्न असा आहे: ‘सर्व्हरला नवी डिस्क बसवल्यावर ती माउंट करतात, म्हणजे तिच्यातल्या फाइली एका ठरावीक डिरेक्टरीतून (फोल्डरमधून) दिसतील असं करतात. आमच्या प्रशिक्षणाच्या मराठी टिपणात याला “आरोहण” म्हटलंय, ऑफिसात सगळे “जोडणे” म्हणतात. बरोबर काय? आणि अनमाउंटला काय म्हणायचं?’

दोन्ही चूक. ‘जोडणे’ तर मी रोज ऐकते आणि रोज चिडते. डिस्क खाचेत सरकवली, हिरवा दिवा लागला, की निरोप येतो, ‘मॅडम, डिस्क माउंट केली.’ अरे, कुठे केलीस? नुसती जोडलीस. सर्व्हर चालवणाऱ्या लिनक्स या प्रणालीला ती एसडीबी (दुसरी डिस्क) अशा नावाने दिसायला लागली, एवढंच झालं. अजून पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा भाग, पाडायचंय, त्यावर एमकेएफएस या कमांडने फाइल सिस्टिम, म्हणजे फाइली ठेवायची मांडणी, बांधायचीय, एक रिकामी डिरेक्टरी करून ठेवायचीय. माउंट त्यानंतर. लिनक्स जिच्या धर्तीवर बेतली त्या युनिक्स प्रणालीच्या पहिल्याच मॅन्युअलमध्ये, म्हणजे 1971 च्या नोव्हेंबरात, माउंटचं काम सांगितलंय ते असं की काढता-घालता येणारी फाइल सिस्टिम अमुक डिव्हाइसवर हजर आहे अशी सिस्टिमला वर्दी द्यायची. डिस्क जोडणं हे हातांचं काम आणि माउंट ही त्यानंतरची वर्दी. या दोन गोष्टींना एकच शब्द वापरला की घोटाळा ठरलेला.

आता ‘आरोहण’. घोड्यावर बसणं, डोंगर चढणं, हिरा कोंदणात बसवणं हे माउंटचे अर्थ कुठल्याही कोशात सापडतील, ते सोडते. परिभाषा करणाऱ्याने त्यातला पहिला अर्थ उचलला आणि संस्कृत केला. डिस्क कशावर आरोहण करते, हा प्रश्न त्याला पडलाच नाही. 1974 साली युनिक्सचे कर्ते रिची आणि थॉम्प्सन यांनी युनिक्सवर जो लेख लिहिला, त्यातल्या मशीनला अडीच एमबीच्या, काढून दुसऱ्या घालता येणाऱ्या चकत्यांचे चार ड्राइव्ह होते. चकती हाताने ड्राइव्हवर चढवायची. माउंट शब्द आला तो या कामातून. खोगीर चढवतात, प्रत्यंचा चढवतात, तशी चकती चढवतात. मराठीत इतका सरळ शब्द असताना आरोहण कशाला?

पण त्याच लेखात याहून मोठी गंमत आहे. माउंट केल्यावर काय होतं, हे सांगताना ते म्हणतात की फाइलींच्या झाडाचं एक पान जातं आणि त्या जागी अख्खी नवी फांदी येते. हे तर कलम झालं! खुंटावर दुसऱ्या झाडाची काडी बांधायची, आणि तिथून पुढे वाढेल ते सगळं त्या काडीचं.

आणि कलम हा शब्द तरी काय आहे! ग्रीकमध्ये कालामोस म्हणजे बोरू. तो अरबीत ‘क़लम’ झाला, फारसीतून आपल्याकडे आला. बोरूसारखी तिरकी तासलेली काडी म्हणून झाडाचंही कलम. आता इंग्रजीतला ‘ग्राफ्ट’ पाहा. तो जुन्या फ्रेंचमधून, मागे लॅटिनमधून, थेट ग्रीक ‘ग्राफिऑन’पर्यंत जातो, आणि ग्राफिऑन म्हणजे लिहायची टोकदार सळई. दोन वेगळ्या वाटांनी आलेले शब्द, आणि दोघांच्याही मुळाशी तासलेली लेखणी. फ्रेंचमध्ये आजही ‘ग्रेफ’ म्हणजे झाडाचं कलम आणि ‘ग्रेफ’ म्हणजेच कोर्टाचं दप्तर. आपल्याकडेही आंब्याचं कलम आणि कायद्याचं कलम. हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या दिवशी मी भेटेल त्याला सांगत सुटले होते.

इथे काही जण लगेच रघुवंश काढतात. चौथ्या सर्गात कालिदासाने उपटून पुन्हा लावलेल्या ‘कलमां’ची उपमा दिली आहे, म्हणून आपलं कलम संस्कृतच, असं त्यांचं म्हणणं. मला ते साफ अमान्य आहे. तिथला कलम म्हणजे भात. उपटलेलं रोप मुळांसकट दुसरीकडे लावणं ही लावणी झाली. कलमात काडीला मूळच नसतं, ती खुंटाच्या मुळांवर जगते. एका सर्व्हरची डिस्क काढून दुसऱ्यात घातली तर खुशाल लावणी म्हणा. माउंटला नको.

कलम हा शब्द किती चपखल आहे ते एका ग्राहकाकडे दिसलं. नवी डिस्क डेटा नावाच्या डिरेक्टरीवर माउंट केली होती, पण एफएसटॅबमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना काय काय माउंट करायचं त्या यादीत, ओळ लिहायची राहिली. रात्री मशीन रीबूट झालं. डिस्क जागेवर, डिरेक्टरीही जागेवर, फक्त कलम सुटलेलं. बॅकअपची स्क्रिप्ट मात्र त्याच डिरेक्टरीत, म्हणजे आता थेट रूट डिस्कवर (मशीनच्या मुख्य डिस्कवर), लिहीत राहिली. सकाळी कोणीतरी पुन्हा माउंट केलं आणि रात्रीच्या फाइली गायब! डिस्क किती भरली ते सांगणारी डीएफ कमांड म्हणतेय रूट शंभर टक्के भरली, आणि दिसणाऱ्या फाइली मोजणाऱ्या डीयूने मोजावं तर निम्मंही सापडत नाही. अनमाउंट केल्यावर सगळ्या तिथेच, खाली. कलमाच्या जोडाखालून खुंटाला फुटवे येतात ना, तसे हे फुटवे. बागाईतदार ते वेळच्या वेळी खुडतो.

कलम धरलंय की नाही हे पाहायची माझी खूण सांगते. त्या डिरेक्टरीचा आयनोड क्रमांक, म्हणजे फाइल सिस्टिमने तिला दिलेला नंबर, बघा. आधी तो बहुधा लांबलचक असतो. ईएक्सटी4 या प्रकारच्या फाइल सिस्टिमची डिस्क माउंट झाली की तिथे 2 दिसतो, कारण ईएक्सटी4 च्या मुळाचा, म्हणजे सगळ्यात वरच्या डिरेक्टरीचा, क्रमांक 2 ठरलेलाच आहे. नाव तेच, जागा तीच, पण आतलं झाड बदललं.

अनमाउंटचं राहिलंच. बांधलेलं कलम कोणी सोडत नाही, त्यामुळे इथे कलम अपुरं पडतं हे कबूल. रोजच्या बोलण्यात ‘चढवणे’ आणि ‘उतरवणे’ ही जोडी वापरा. शिकवताना मात्र कलमच सांगा. आणि डिस्क उतरवण्याआधी तिच्यावर कोणाची फाइल उघडी नाही ना, ते एलएसओएफ या उघड्या फाइलींची यादी देणाऱ्या कमांडने पाहून घ्या, नाहीतर ‘टार्गेट इज बिझी’ म्हणून ती उतरणार नाही.