माठाच्या पानातली अळी आणि जिन्यातला पतंग

प्रश्न : मुलुंडला चौथ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीत मी चार कुंड्यांमध्ये लाल माठ आणि पालक लावला आहे. गणपती झाल्यापासून माठाची पाने कडेने मुडपलेली दिसतात. ती उलगडली की आत बारीक जाळे आणि एक हिरवट अळी सापडते. त्याच सुमारास जिन्यातल्या दिव्याजवळ अंगठ्याच्या नखाएवढे, गडद तपकिरी आणि पंखांवर पांढरा पट्टा असलेले पतंग बसू लागले आहेत. शेजारच्या काकू म्हणतात, ही कसर आहे, कपाटातल्या साड्या खाईल. हा पतंग कोणता, माझ्या माठातल्या अळीशी त्याचा काही संबंध आहे का, आणि ती आणखी कोणत्या झाडांवर जगते? सोबत दोन छायाचित्रे पाठवत आहे.
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : आपण पतंग आणि अळी या दोन्हींकडे एकाच वेळी लक्ष दिलेत, त्यामुळे उत्तर देणे बरेच सोपे झाले. छायाचित्रातला पतंग स्पोलाडिया रिकर्व्हॅलिस या जातीचा आहे आणि माठावरची अळी बहुधा त्याचीच आहे. ‘बहुधा’ का म्हणतो, ते पुढे सांगतो.

आधी कसरीची शंका दूर करू. कपड्यांना लागणारी कसर आकाराने याहून पुष्कळ लहान आणि फिकट पिवळसर असते, ती उजेड टाळते आणि तिची अळी लोकर, केस, पिसे असे प्राणिज पदार्थ खाते. आपल्या जिन्यातला पतंग दिव्याकडे ओढला जातो आणि त्याची अळी हिरव्या पानांवर जगते. साड्यांना त्याच्यापासून काहीही धोका नाही, हे काकूंना खुशाल सांगावे.

या पतंगाच्या पसरलेल्या पंखांची रुंदी साधारण २२ ते २४ मिलिमीटर भरते. बसताना तो पंख अंगावर मिटून न घेता सपाट पसरतो, त्यामुळे भिंतीवर एक लहानसा त्रिकोण चिकटवल्यासारखा दिसतो. पुढच्या पंखाच्या मध्यावर एक पांढरा पट्टा असतो, आणि त्याच्या बाहेरच्या बाजूला, पंखाच्या पुढच्या कडेजवळ, दुसरा आखूड पांढरा डाग असतो. मागच्या पंखावरून एक रुंद, जवळजवळ सरळ पांढरा पट्टा जातो. पतंग बसलेला असताना पुढचा आणि मागचा पट्टा एकमेकांना जोडले जाऊन सलग रेषा तयार होते, आणि ओळख पटवताना सर्वांत आधी तीच पाहावी. पंखांच्या कडेची झालर तपकिरी आणि पांढऱ्या तुकड्यांची असते, तर पोटावर बारीक पांढरी वलये असतात. फॅब्रिशियस या कीटकशास्त्रज्ञाने १७७५ मध्ये या जातीचे वर्णन केले. शेतीविषयक जुन्या पुस्तकांत ती हायमेनिया रिकर्व्हॅलिस या नावाने भेटते. ही दोन नावे वाचून दोन वेगळे पतंग आहेत असे समजू नये.

खरी गल्लत होते ती हायमेनिया पर्स्पेक्टॅलिस या जवळच्या जातीशी. तिचा रंग किंचित तांबूस असतो आणि पांढरा पट्टा अरुंद व तुटक दिसतो. दोघींच्या अळ्याही हिरव्या असतात आणि दोघी माठाच्या कुळातल्या वनस्पतींवर वाढतात, पण पर्स्पेक्टॅलिसच्या अळीच्या डोक्यावर जांभळट ठिपके असतात. आपल्या छायाचित्रात अळीचे डोके पानाआड गेले आहे. शिवाय माठाची पाने गुंडाळणारी हर्पेटोग्रामा बेसालिस नावाची तिसरी जातही आपल्याकडे आहे. तिचा पतंग फिकट पिवळसर तपकिरी असून त्याच्या पंखांवर नागमोडी गडद रेषा असतात. ‘बहुधा’ हा शब्द वापरला तो एवढ्यासाठी.

आता खाद्यवनस्पतींकडे वळू, कारण या पतंगाचा सर्वांत रंजक भाग तोच आहे, असे मला वाटते. लाल आणि हिरवा माठ, चवळई, राजगिरा, पालक, बीट, बागेतला कोंबडा, रानातला कुरडू आणि आघाडा या सर्वांवर ही अळी वाढते. वरवर पाहता माठ आणि बीट यांत काही साम्य दिसत नाही. पूर्वी वनस्पतिशास्त्रज्ञही पालक आणि बीट यांना माठापासून वेगळ्या कुळात ठेवत असत. १९९८ च्या नव्या वर्गीकरणात मात्र ती दोन्ही कुळे एक करण्यात आली. घोळ आणि जमिनीलगत पसरणारे ट्रायन्थेमा हे तणही ही अळी खाते, आणि त्या दोन्ही वनस्पती वेगळ्या कुळातल्या असल्या तरी माठाच्याच गणात, म्हणजे अनेक कुळांच्या मोठ्या गटात, येतात. लाल माठाच्या भाजीला आणि बिटाला जो रंग सुटतो तो बीटालेन या रंगद्रव्यांचा असतो, आणि ही रंगद्रव्ये वनस्पतींमध्ये जवळजवळ याच गणात सापडतात. मादी अंडी घालताना रंग पाहते असे मला सुचवायचे नाही. अळीच्या आहाराची यादी आणि वनस्पतींचे नाते किती जुळते, एवढेच लक्षात आणून द्यायचे आहे.

मुंबईत हा पतंग इतका का दिसतो, याचे उत्तरही याच यादीत आहे. रुळांलगतच्या पट्ट्यांत वर्षानुवर्षे लाल माठ आणि पालक पिकवला गेला, इमारतींच्या कुंपणाशी आघाडा माजतो, आणि पावसाळ्यात मोकळ्या जागी कुरडू उगवतो. अळीला उपाशी राहावे लागेल अशी जागा या शहरात फारशी नाही. पतंग चांगला उडणारा असल्याने चौथा मजला त्याला अवघड नाही.

मादी पानाच्या खालच्या बाजूला, शिरांच्या कडेने अंडी घालते. लहान अळी पानाचा खालचा थर खरवडून खाते आणि वरचा पातळ पापुद्रा तसाच ठेवते, म्हणून पानावर काचेच्या खिडकीसारखे ठिपके दिसतात. मोठी झाल्यावर ती पान मुडपून आत राहते आणि शेवटी शिराच उरतात. खायच्या पालेभाजीवर घरगुती कीटकनाशक मुळीच फवारू नये. दररोज सकाळी पाने उलटून पाहावीत आणि मुडपलेली पाने अळीसकट खुडावीत. चार कुंड्यांना एवढे पुरते. गॅलरीत शिंपी किंवा दयाळ पक्षी येत असेल, तर त्याला येऊ द्यावे.

प्रश्न : श्रावणात जिवतीच्या पूजेसाठी आणलेल्या आघाड्याच्या जुडीत पाने गुंडाळलेली होती आणि आत हिरवी अळी होती. हीच ती असू शकेल का?
— एक वाचक, दादर

उत्तर : असू शकेल, पण आघाड्यावर इतरही अळ्या असतात, त्यामुळे केवळ झाडाच्या नावावरून निर्णय देणे मला योग्य वाटत नाही. अळी एखाद्या पानावर दिसली म्हणजे ते तिचे खाद्य, असे धरून चालल्यामुळे खाद्यवनस्पतींच्या याद्यांत बऱ्याच चुकीच्या नोंदी शिरतात. कोषात जाण्यासाठी जागा शोधत फिरणारी अळी वाटेत कोणत्याही झाडावर सापडू शकते. तिने ते पान खाल्ले आणि त्यावरच वाढून तिचा पतंग झाला, तरच नोंद पक्की मानावी.

हे घरीही करता येते. रुंद तोंडाच्या बरणीत दोन बोटे ओलसर माती घालावी, तोंडाला मलमलीचे फडके बांधावे आणि अळी ज्यावर सापडली त्याच झाडाची ताजी पाने रोज द्यावीत. या जातीची अळी असेल, तर हिरव्या पाठीवर मध्ये गडद रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या रेघा दिसतील. पूर्ण वाढल्यावर ती गुलाबी होऊन मातीत शिरेल आणि मातीचे कण रेशमाने जोडून कोष करील. त्यानंतर पाने काढून टाकावीत, माती कोरडी पडू देऊ नये आणि आठ-दहा दिवस रोज संध्याकाळी बरणी पाहावी. पतंग बाहेर आला की पंख पसरलेले असताना वरून छायाचित्र घ्यावे आणि त्याच्याजवळ झाडाचे नाव, जागा आणि तारीख लिहून ठेवावी. मुलुंडच्या वाचकांनीही माठावरच्या एका अळीसाठी अशी बरणी मांडावी, म्हणजे वर माझ्याकडून राहिलेले ‘बहुधा’ त्यांना खोडता येईल.